कोंड्यातलं फेरुलिक, बांधीतलं ऊन

पुनर्वसूचा तरणा पाऊस दोन दिवस कोसळून थोडा दम घेतो, ढगांना भेगा पडतात आणि भंडाऱ्याजवळच्या कारधा गावात रोवणीला उधाण येतं. बांध्यांत पोटरीभर चिखल. पऱ्ह्यांच्या जुड्या पाण्यात फेकलेल्या. बायका एका ओळीत वाकून मागं मागं सरकत धान रोवत जातात. पलीकडं वैनगंगा फुगलेली असते. पावसाळ्यात सारा जिल्हा कारधाच्या पुलाकडं डोळे लावून बसतो, कारण नदीची धोक्याची पातळी इथेच मोजतात: 245.50 मीटर. इंग्रजांच्या काळातला जुना पूल पाण्याखाली जाणार का, याची चौकशी चहाच्या टपरीपासून कलेक्टर कचेरीपर्यंत चालू असते. त्या गडबडीत एका गोष्टीकडं कुणाचंच लक्ष जात नाही. 17 जुलैच्या आसपास, दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला, सूर्य कारधाच्या नेमक्या डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशीच जिरते.

असं वर्षातून दोनदा होतं. कारधा 21 अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे. कर्कवृत्ताकडं जाणारा सूर्य मेच्या शेवटच्या आठवड्यात डोक्यावरून जातो आणि परतीच्या वाटेवर जुलैच्या मध्याला पुन्हा. पहिली खेप नवतपात पडते. तेव्हा पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, जमीन भाजत असते, आणि लोक आपणहून डोक्याला दुपट्टा गुंडाळतात, खिशात कांदा ठेवतात, दुपारी घराबाहेर पडत नाहीत. दुसऱ्या खेपेला हवा गार असते. अंगावर पावसाचा शिडकावा असतो. म्हणून कुणी डोकं झाकत नाही, आणि उन्हाचं नावही निघत नाही.

इथेच फसगत होते. अंगाला चटका देणारे किरण वेगळे आणि त्वचा आतून मोडणारे किरण वेगळे. चटका बसतो तो मुख्यतः अवरक्त किरणांमुळं आणि तापलेल्या हवेमुळं. त्वचेतली मोडतोड करतात ते अतिनील किरण. ते डोळ्याला दिसत नाहीत आणि त्यांची ऊबही लागत नाही. सूर्य जितका डोक्यावर, तितका त्यांना वातावरणातून कमी रस्ता कापावा लागतो आणि तितके ते जास्त संख्येनं खाली पोचतात. काळाकुट्ट, दाट ढग त्यांना बऱ्यापैकी अडवतो. पातळ ढगातून मात्र 90 टक्क्यांपर्यंत अतिनील किरण आरपार येऊ शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जुलैतल्या उघडझापीच्या दुपारी बांधीत उभ्या असलेल्या बाईला त्यामुळं गारव्यात भरपूर अतिनील मिळतं, आणि तिला ते कळतही नाही.

तिच्या उभं राहण्याची पद्धतही या हिशेबात धरायला हवी. शहरातल्या सल्ल्यांत नेहमी चेहरा, नाक, गाल यांचीच चर्चा असते. रोवणाऱ्या बाईचा चेहरा खाली वळलेला असतो. तिची मानेची मागची बाजू, पोलक्यातून उघडी राहिलेली पाठ आणि हातांच्या वरच्या बाजू आकाशाकडं असतात, आणि त्यासुद्धा दिवसाला सात-आठ तास, महिनाभर. अशी माणसं थोडीथोडकी नाहीत. 2019 साली जगातले सुमारे 160 कोटी कामकरी लोक कामाच्या ठिकाणी सूर्याचे अतिनील किरण अंगावर घेत होते, असा जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांचा 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. सनस्क्रीनच्या जाहिरातीत मात्र समुद्रकिनारा असतो, नाहीतर ऑफिसला निघालेली मुलगी.

अतिनील किरणांचे जमिनीवर पोचणारे दोन प्रकार आहेत. 280 ते 315 नॅनोमीटरचे ‘बी’ किरण त्वचेच्या वरच्या थरात अडतात. त्वचा लाल होते, सोलते ती त्यांच्यामुळं, आणि पेशीतल्या डीएनएवर थेट घावही तेच घालतात. 315 ते 400 नॅनोमीटरचे ‘ए’ किरण जास्त खोल, त्वचेला ताण देणाऱ्या कोलॅजनच्या धाग्यांपर्यंत पोचतात. आपल्यापर्यंत येणाऱ्या अतिनील किरणांत 95 टक्के वाटा या ‘ए’चा असतो आणि तो काचेतूनही आत शिरतो. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकानं 2012 साली एका 69 वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापला होता. 28 वर्षं ट्रक चालवलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू खोल सुरकुत्यांनी लोंबलेली होती आणि उजवी बाजू बरीच तरुण दिसत होती. कारधाजवळून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर रात्रंदिवस ट्रक धावतात. आपल्याकडं चालक उजवीकडं बसतो, म्हणून ही कथा उजव्या गालावर लिहिली जाते, एवढाच फरक.

‘ए’ किरण काम कसं करतात, ते समजलं की अँटिऑक्सिडंटची गोष्ट आपोआप उलगडते. हे किरण त्वचेतल्या काही रेणूंना चेतवतात, ते रेणू आपली जादा ऊर्जा जवळच्या ऑक्सिजनला देतात, आणि त्यातून फ्री रॅडिकल तयार होतात. फ्री रॅडिकल म्हणजे एक इलेक्ट्रॉन जोडीविना राहिलेला, त्यामुळं अस्वस्थ झालेला कण. तो शेजाऱ्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो. मग शेजारी अस्वस्थ होतो आणि पुढच्याला धरतो. पेशीच्या पडद्यातल्या स्निग्ध रेणूंत ही साखळी लागली, की जे घडतं त्याला घरातला शब्द आहे: खवट होणं. डब्याच्या तळाला राहिलेलं तेल उन्हानं आणि हवेनं जसं खवट होतं, तीच क्रिया पेशीच्या पडद्यात होते. हे नुसतं उपमेपुरतं साम्य नाही, रसायन खरोखर एकच आहे. तेलवाला तेल टिकावं म्हणून त्यात अँटिऑक्सिडंट घालतो आणि शरीर पेशी टिकावी म्हणून विटामिन ई वापरतं. दोन्ही ठिकाणी काम सारखंच. अँटिऑक्सिडंट आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि साखळी तिथंच तुटते.

शरीराकडं अशा बचावाची स्वतःची शिबंदी असते. विटामिन ई पडद्यात, विटामिन सी पाण्यात. ई खर्ची पडलं की सी त्याला पुन्हा उभं करतं. पण तासन्‌तास ऊन लागलं की ही शिदोरी संपत जाते.

सनस्क्रीनचं काम या सगळ्याच्या आधीचं. ते किरण शोषून घेतं किंवा परतवतं, त्यामुळं मुळात आगच कमी लागते. त्याच्या नळीवरचा एसपीएफ हा आकडा मुख्यतः ‘बी’ किरणांनी त्वचा लाल होण्यापासून किती बचाव होतो, ते सांगतो. एसपीएफ 15 सुमारे 93 टक्के ‘बी’ किरण अडवतो, 30 सुमारे 97 आणि 50 सुमारे 98 टक्के. 30 आणि 50 मध्ये वाटतो तेवढा फरक नसतो. ‘ए’ किरणांसाठी नळीवर पीए हे वेगळं चिन्ह असतं आणि त्यापुढं अधिकचिन्हं असतात. जितकी जास्त, तितकं बरं. दुकानात लोक मोठा आकडा बघून पैसे देतात आणि हे छोटं चिन्ह बघायचं राहून जातं.

2003 साली इंग्लंडमधल्या काही संशोधकांनी एक साधा प्रश्न विचारला. सनस्क्रीन लावलेल्या त्वचेत फ्री रॅडिकल किती कमी होतात? त्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी त्वचेवर 20 किंवा त्याहून जास्त एसपीएफची सनस्क्रीन शास्त्रोक्त जाडीनं लावली आणि आत तयार झालेले रॅडिकल मोजले. लाली वीसपटीनं रोखणाऱ्या त्या क्रीमांनी रॅडिकल जेमतेम दोनपटीनं रोखले. म्हणजे त्वचा लाल होत नव्हती, पण आतली खवटपणाची क्रिया जवळपास निम्म्या वेगानं चालूच होती. त्यानंतरच्या वर्षांत ‘ए’ किरण अडवणारी सनस्क्रीन सुधारली. तरीही बांधाच्या फटीतून पाणी झिरपत राहावं, तसं थोडं ऊन आत जातंच. झिरपलेल्या पाण्याची विल्हेवाट लावायला कुणीतरी हवं, या विचारातून सनस्क्रीनमध्ये अँटिऑक्सिडंट घालायची कल्पना पुढं आली.

ही कल्पना किती कामाची आहे, याचा सगळ्यात गाजलेला पुरावा अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातला आहे, आणि त्याचा धागा थेट भंडाऱ्याच्या धानाशी येऊन मिळतो. शेल्डन पिनेल या त्वचातज्ज्ञाचा गट तिथं डुकराच्या त्वचेवर काम करत होता, कारण ती माणसाच्या त्वचेच्या बरीच जवळची असते. 15 टक्के विटामिन सी आणि 1 टक्का विटामिन ई यांचं द्रावण काही दिवस लावल्यावर उन्हापासूनचा बचाव चौपट होत होता. अडचण अशी, की विटामिन सी उघड्यावर टिकत नाही. कापून ठेवलेलं वांगं जसं काळं पडतं, तसं ते द्रावण तपकिरी होऊन वाया जातं. त्याला टिकवणारं काहीतरी शोधताना त्यांनी अर्धा टक्का फेरुलिक आम्ल घातलं. द्रावण टिकाऊ झालं, आणि बचाव चारपटीवरून आठपटीच्या आसपास गेला. 2005 साली हे काम प्रसिद्ध झालं. पुढं हेच मिश्रण पेटंटसह बाजारात आलं आणि बरंच महाग विकलं गेलं. शोधाचं मोल करताना हा व्यवहारही ध्यानात ठेवलेला बरा.

फेरुलिक हे नाव परकं वाटतं, पण त्याचं मूळ मराठी फोडणीत आहे. हिंगाच्या झाडाच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव फेरुला, आणि 1866 साली हिंगाच्या डिंकातूनच हे आम्ल पहिल्यांदा वेगळं केलं गेलं. पुढं कळलं की ते गवतकुळातल्या धान्यांच्या सालीत ठासून भरलेलं असतं: गहू, मका, आणि भात. धानाचं तूस काढल्यावर तांदळाच्या दाण्याला जो भुरा-तांबूस पापुद्रा असतो, तो घासून निघाला की त्याला कोंडा म्हणतात. फेरुलिक असतं ते याच पापुद्र्यात. वनस्पतीची भिंत घट्ट बांधणं आणि किरणांपासून बिजाचं रक्षण करणं, अशी दोन्ही कामं ते तिथं करतं. कोंड्याच्या तेलात याच आम्लाची ओरायझॅनॉल नावाची संयुगं असतात. भाताच्या ‘ओरायझा’ या शास्त्रीय नावावरून हे नाव पडलं आणि जपानमध्ये 1950 च्या दशकात ती पहिल्यांदा वेगळी झाली. विटामिन ईसुद्धा त्याच तेलात असतं.

भंडारा आणि गोंदिया हे दोन जिल्हे म्हणजे धान आणि राईस मिल. दिवाळीनंतर मिलची घरघर सुरू झाली की पांढरा तांदूळ एका बाजूला आणि कोंडा दुसऱ्या बाजूला पडतो. हा कोंडा ढोरांच्या पुढ्यात जातो किंवा तेल काढायला गाड्या भरून बाहेर जातो, आणि तो लवकर हलवावा लागतो, कारण मिलमधून बाहेर पडल्यावर काही दिवसांतच तो खवट होऊ लागतो. कोंड्याचा मांडा करणं ही मराठीतली गरिबीच्या काटकसरीची म्हण. इथं मात्र कोंडा प्रयोगशाळेत जाऊन अनेकपट किमतीचा होऊन परत येतो. ज्या हातांनी ते धान रोवलं, त्या हातांची कातडी वाचवू शकणारा रेणू त्याच धानाच्या सालीत आहे, आणि तो त्या हातांपर्यंत पोचण्याची कोणतीही वाट आज तयार नाही. ही गोष्ट मनाला लागते.

‘मग कोंड्याचं तेलच अंगाला चोळून बांधीत उतरलं तर?’ असा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असं आहे. तेलातलं प्रमाण आणि त्वचेत शिरण्याजोगं रूप हे दोन्ही प्रयोगातल्या द्रावणासारखं नसतं. तेलाचा थर किरण अडवतो तो नावापुरताच. कोरडी कातडी मऊ ठेवायला ते चांगलं आहे. उन्हाशी लढायला पुरेसं नाही.

दुकानातल्या सनस्क्रीनच्या नळीत तरी हा बचाव असतो का? नळीवर ‘विटामिन ई युक्त’, ‘ग्रीन टी’, ‘अँटिऑक्सिडंटच्या शक्तीसह’ असं ठळक छापलेलं असतं. 2011 साली अमेरिकेत अशीच 12 लोकप्रिय सनस्क्रीन तपासली गेली. त्यांतल्या अँटिऑक्सिडंटांनी रॅडिकल रोखण्यात घातलेली भर बहुतेकांत नगण्य निघाली. जो काही बचाव होता, तो किरण अडवणाऱ्या मूळ घटकांचाच होता. याची कारणं रसायनात आहेत. विटामिन सी त्वचेत शिरायला द्रावण बरंच आंबट, साडेतीनपेक्षा कमी पीएचचं लागतं, आणि तसं सनस्क्रीन बनवणं कठीण. प्रमाण 15 टक्क्यांच्या ऐवजी चिमूटभर असतं. बऱ्याचदा विटामिन ई घातलेलं असतं ते क्रीम स्वतः खवट होऊ नये म्हणून. शिवाय एसपीएफसारखा अँटिऑक्सिडंटचा कोणताही आकडा नळीवर छापावा लागत नाही, त्यामुळं ग्राहकाला पडताळायला काही साधनच उरत नाही. म्हणून जिला परवडतं, तिनं अँटिऑक्सिडंटचं द्रावण सकाळी आधी आणि त्यावर सनस्क्रीन असे दोन थर लावावेत, असं बरेच त्वचातज्ज्ञ सुचवतात. केवळ त्या एका शब्दासाठी महागडी नळी घेण्यात अर्थ नाही. 30 किंवा त्याहून जास्त एसपीएफ, ‘ए’ किरणांसाठी चांगलं पीए आणि घामात टिकण्याची क्षमता, एवढं बघितलं तर साधी नळीही चालते.

अँटिऑक्सिडंटची गोळी खाऊन काम भागेल का, याचीही परीक्षा झाली आहे, आणि तीही फार नेटकी. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या नँबूर या गावात 1992 ते 1996 या काळात 1,621 माणसांवर अॅडेल ग्रीन यांच्या गटानं एकाच वेळी दोन गोष्टी तपासल्या. काहींना रोज सनस्क्रीन, काहींना मनाला येईल तेव्हा. काहींना बीटा कॅरोटीनची गोळी, काहींना तशीच दिसणारी रिकामी गोळी. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी घटलं, आणि पुढं 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्यांच्या त्वचेचं वय वाढणंही 24 टक्क्यांनी कमी दिसलं. गोळीनं काहीच केलं नाही. फिनलंडमध्ये तर 29,133 धूम्रपान करणाऱ्यांना बीटा कॅरोटीन दिल्यावर फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी वाढल्याचं 1994 मध्ये दिसलं. तेंदूपत्त्याच्या आणि बिडीच्या मुलखात ही बाब मुद्दाम सांगायला हवी. हिरव्या पालेभाज्या, आवळा, टमाटे पोटभर खावेत. ‘त्वचेसाठी’ म्हणून मोठ्या मात्रेच्या गोळ्या आपल्या मनानं गिळू नयेत.

आपल्या सावळ्या कातडीला एवढं भ्यायचं कारण काय, असंही लोक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. 1979 साली अमेरिकेत झालेल्या मोजणीत काळ्या त्वचेच्या वरच्या थराचा बचाव सुमारे 13 एसपीएफइतका आणि गोऱ्या त्वचेचा तीनच्या थोडा वर भरला. आपली गव्हाळ, सावळी त्वचा या दोहोंच्या मध्ये येते. ऊन लागून होणारा त्वचेचा कर्करोग भारतात कमी आढळतो तो मेलॅनिनच्या या छत्रीमुळंच. पण वांग, काळे डाग, मानेवरची जाड झालेली रापलेली कातडी आणि डोळ्यांतला मोतीबिंदू यांना ही छत्री पुरत नाही. वांगाच्या बाबतीत तर सावळ्या त्वचेला नुसता दिसणारा प्रकाशही डाग गडद करायला पुरतो, आणि रंगहीन सनस्क्रीन तो प्रकाश अडवत नाही. त्यासाठी त्वचेच्या रंगाचं, लोहाची ऑक्साइडं घातलेलं सनस्क्रीन लागतं. लोहाचं ऑक्साइड म्हणजे गेरू ज्यामुळं तांबडा दिसतो तोच पदार्थ; कॅलामाइनच्या गुलाबी बाटलीचा रंगही त्याचाच. तिच्यातलं झिंक ऑक्साइड हा तर किरण अडवणारा जुना, भरवशाचा घटक. पितळेच्या भांड्यांसाठी नाव कमावलेल्या भंडाऱ्यातल्या ओतकाम करणाऱ्या कारागिरांना तो चांगलाच ओळखीचा असणार. पितळ वितळवताना मुशीवरून जो पांढरा धूर उठतो, तो जस्ताचं हेच ऑक्साइड असतो. तिथं तो छातीत गेला तर ताप आणतो. क्रीममध्ये कातडीवर बसला तर ऊन अडवतो.

वांगावर घरगुती इलाज म्हणून लिंबू चोळण्याची सवय तर गावोगावी आहे. विटामिन सी चांगलं म्हणून लिंबू चांगलं, असा तर्क त्यामागं असतो. तो धोक्याचा आहे. लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि मागं महिनोन्‌महिने टिकणारे काळे डाग राहतात. त्याहून वाईट म्हणजे मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली ‘गोरं करणारी’ स्टेरॉइड मलमं. महिनाभर चेहरा उजळ दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, आणि ऊन आधीपेक्षाही सोसेनासं होतं. सरकारनं 2018 मध्ये अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन आणलं, तरी ती घरोघर दिसतात.

आता बांधीत परत जाऊ. चेहरा आणि मान झाकायला दोन बोटांच्या लांबीइतकं सनस्क्रीन लागतं आणि घाम आला की दोन-तीन तासांनी ते पुन्हा लावावं लागतं. बहुतेक लोक याच्या पाव-निम्मंच लावतात, मग नळीवरचा पन्नासचा आकडा कातडीवर बराच खाली येतो. दिवसातून दोनदाच पुरेसं लावलं, तरी 50 ग्रॅमची नळी तीन आठवड्यांत संपते. रोवणीच्या मजुरीवर पोरांची पुस्तकं घेणाऱ्या घरात ही नळी यादीच्या तळाला असणार, आणि त्याबद्दल कुणी त्या बाईला बोल लावू नये. हातांवर तर ती टिकतच नाही. चिखल-पाणी पहिल्या ओळीतच धुऊन नेतं.

त्या बायकांनी स्वतःच शोधलेला उपाय जास्त पक्का आहे. साडीवर नवऱ्याचा किंवा पोराचा जुना लांब बाह्यांचा शर्ट चढवायचा आणि डोक्यावरून मानेपर्यंत दुपट्टा गुंडाळायचा. कापडाचा थर घामानं उतरत नाही आणि त्याची मात्राही चुकत नाही. त्यात थोडीच भर घालायची आहे. पातळ पांढरं सुती कापड ओलं झालं की त्यातून किरण बऱ्यापैकी आत येतात. दाट विणीचं, गडद रंगाचं कापड कितीतरी जास्त अडवतं. म्हणून शर्ट निवडताना पोराचा विरलेला गणवेश ठेवून जाड कापडाचा गडद शर्ट घ्यावा. कॉलर उभी करून बटण लावावं, म्हणजे वाकल्यावर मान उघडी पडत नाही. दुपट्ट्याला पुढं टोपीसारखी रुंद कड असेल तर डोळेही वाचतात. एवढं झाल्यावर सनस्क्रीन लागतं ते फक्त गाल, नाक आणि ओठांच्या वरच्या भागाला, आणि तेव्हा ती नळी दोन महिने पुरते.

वेळ पाळा, दुपारी अकरा ते तीन उन्हात जाऊ नका, हा सल्ला देणं सोपं आहे. रोवणी बऱ्याचदा एकराच्या ठरलेल्या हुंड्यानं चालते. बायकांचा गट जितक्या लवकर एकर उरकेल, तितक्या लवकर पुढचा. दुपारी झाडाखाली बसलेला तास त्यांच्याच खिशातून जातो. हुंडा ठरवतानाच पहाटे लवकर सुरुवात आणि भर दुपारी लांब सुट्टी हे शेतकऱ्यानं आणि गटानं मिळून ठरवलं, तर कोणत्याही क्रीमपेक्षा जास्त अतिनील टळेल. घड्याळाचीही गरज नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, की सूर्य तिखट झाला असं धरायचं. जुलैच्या मध्याला कारधात ती सकाळी नवाच्या आसपासच आखूड होऊ लागते आणि दुपारी साडेतीननंतर पुन्हा उंचीएवढी होते.

संध्याकाळी बायका परतायला निघतात, बोअरिंगवर पाय धुतात, दुपट्टा सोडतात. ऊन संपलेलं असतं, पण त्वचेतलं काम संपलेलं नसतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात डग्लस ब्रॅश यांच्या प्रयोगशाळेत संजय प्रेमी आणि सहकाऱ्यांनी मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींवर ‘ए’ किरण टाकले, दिवा बंद केला आणि डीएनएची मोडतोड मोजत राहिले. अंधारात तीन तासांहून जास्त वेळ नवी मोडतोड होतच राहिली. फ्री रॅडिकल मेलॅनिनच्या तुकड्यांना चेतवत होते आणि ती ऊर्जा डीएनएला जाऊन भिडत होती. आयुष्यभर छत्री धरणारं मेलॅनिन इथं स्वतःच घाव पोचवणारं ठरलं. 2015 साली ‘सायन्स’मध्ये हे काम आलं आणि अँटिऑक्सिडंटांच्या संशोधनाला नवी दिशा मिळाली: सकाळी लावायच्या क्रीमइतकंच, ऊन उतरल्यावर लावून ही ऊर्जा वाटेतच विझवणारं काहीतरी बनवता येईल का? प्रयोगशाळांत त्यावर विचार चालू आहे.

कारधाच्या पुलावर तोवर दिवे लागलेले असतात. पाणी किती चढलं ते बघायला पोरं कठड्याशी जमतात. घरात शर्ट दोरीवर वाळत पडतो, उद्या सकाळी सहाला पुन्हा अंगावर चढवण्यासाठी.